गेम फोनमध्ये आणतं कोण आणि उडवतं कोण? (विदर्भातल्या खेड्यापाड्यांपुरतं)

कपाशीवाला

मंडळी, तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. यवतमाळ जिल्हा, एवढ्यावर भागवून घ्या. गावाचं नाव लिहिलं तर अर्धं गिऱ्हाईक इथं येऊन वाद घालत बसेल. रिचार्ज, टेम्पर्ड, चार्जिंगची पिन, सॉफ्टवेअर मारणं, हेच दिवसभर.

तरुण पोरं ग्राफिक्स पाहून, स्टार पाहून गेम घेतात असं पेपरात वाचतो. काउंटरवर मला तसं काही दिसत नाही. अठरा-वीस वर्षांचा पोरगा फोन पुढे करतो, "भाऊ, स्टोरेज फुल दाखवून राहिला." मी विचारतो, काय उडवू? मग तो अंगठा फिरवत सांगत जातो. बाईकचा गेम, बसचा गेम, फळं कापायचा, कोणत्या तरी जाहिरातीतून आलेला खिळे ओढायचा, सगळे पटापट जातात. त्यांची नावंही त्याला आठवत नाहीत. फ्री फायर मॅक्स या लढाईच्या गेमपाशी अंगठा थांबतो. "हा राहू द्या." त्यापेक्षा बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्यायला तयार होतो.

हा गेम त्याला सगळ्यात जास्त आवडतो असंही नाही. कितीतरी पोट्टे स्वतःच सांगतात की आता बोअर झालं. पण त्यांचा स्क्वॉड (चौघांचा संघ) त्यात आहे, गिल्ड (मोठा गट) त्यात आहे, रात्री नऊ वाजता चौघं ऑनलाइन येतात. चौघांतला एक गेला की दुसरे दोन आठवडाभर रँडम पोरांसोबत खेळतात, शिव्या खातात आणि मग त्यांचाही गेम जातो. म्हणून माझं म्हणणं असं की आमच्याकडे गेम एकटा पोरगा घेत नाही आणि एकटा सोडतही नाही. पाराजवळचं टोळकं घेतं, टोळकं सोडतं. बाकी कारणं खरी आहेत, पण ती नंतरची.

पुरावा पाहिजे तर सरकारी बंदीचा काळ आठवा. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीसह ११८ ॲप बंद झाले. आईबापांना वाटलं, सुटलो. दिवाळीपर्यंत तेच टोळके फ्री फायरवर. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं, तर जुनाच आयडी घेऊन त्याच गेमच्या मॅक्स आवृत्तीवर. बीजीएमआय (पब्जीचाच भारतातला अवतार) जुलै २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरून काढलं, ते मे २०२३ मध्ये परत आलं. मधल्या काळात ज्यांच्या फोनमध्ये ते आधीचं होतं त्यांचा भाव असा वाढला होता की फोन फॉरमॅट करायला कोणी देईना. "भाऊ, डिस्प्ले बदला, पण आतलं काही हलवू नका."

तुमच्याकडे काय पाहता ते लिहा. शहाणपण नको, पाहिलेलं लिहा.

---

वऱ्हाडी_बाणा

भाऊ, सोळा आने खरं. पन येक गोष्ट राह्यली, रातची लाईन.

आमच्याकडं (अकोला) ओलिताची लाईन येक हप्ता दिवसा तं येक हप्ता राती. थ्री फेज रातची असली का मोटर सुरू करून धुऱ्यावर बसा लागते. दांड फोडला, पानी दुसऱ्या सरीत घेतलं, का मंग पाऊन घंटा काम नाई. झोपलं तं पानी शेजाऱ्याच्या वावरात. तवा गेम.

पन कोन्ता? वावरात नेटवर्कची येक कांडी. स्क्वॉडचा गेम तिथं चालतच नाई, पिंग लाल (म्हनजे नेट लई हळू). तिथं हिल क्लाइंब, कॅरम, असे बिननेटचे. अन् त्याचा फायदा काय सांगू? नेट बंद असलं का जाहिरात येत नाई! घरी वायफायवर तोच गेम खेळला का दर दोन मिन्टाले जाहिरात, आवाज मोठा, बंद करायची फुली येवढीशी, अन् तीबी दिसत नाई. म्हनून वावरात टिकलेला गेम घरी आल्यावर पोट्टे काढून टाकतात.

दुसरं, हरभऱ्याची जागल. रानडुकरं येतात. कानात हेडफोन घालून बसलं तं डुक्कर दिसन तवा अर्धं वावर साफ. म्हनजे गेम मुका करून खेळता आला पायजे. पब्जीसारख्यात पावलाचा आवाज ऐकल्याबिगर मजाच नाई, आवाज बंद केला का पाठीमागून कोनी बी मारून जाते. मी तो ह्याच कारनानं सोडला. असं कारन कोन्त्या सर्व्हेत येते का बाप्पा?

---

पायवाट

धाग्यात "पोरगा, पोट्टे, टोळकं" एवढंच दिसतंय, म्हणून लिहिते. मी भंडारा जिल्ह्यातली, नर्सिंग करते.

आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींच्या फोनमध्ये एक तरी गेम आहे, पण तो पहिल्या पानावर नसतो. फोल्डरमध्ये, कॅल्क्युलेटरच्या शेजारी. कारण फोन घरी गेला की भाऊ घेतो, काका घेतात, आणि "हे काय चालू आहे" असं विचारतात. भावाच्या फोनमधल्या चार गेमना कोणी विचारत नाही.

लूडो किंग टाळेबंदीत सगळ्यांकडे आला, आजीसुद्धा खेळली. तो नवी मुंबईच्या कंपनीचा आहे हे मला फार उशिरा कळलं. तो कोणी लपवला नाही, कारण तो "घरातला" खेळ. कँडी क्रशचं गणित वेगळं. पाच जीव असतात, एक जीव परत यायला अर्धा तास. पाच संपले की आपोआप उठावं लागतं, भात टाकायचा, कपडे काढायचे. कामाच्या मधे तो बसतो म्हणून टिकतो. नंतर एका पातळीवर असा अडकतो की सोन्याच्या विटा विकत घेतल्याशिवाय सुटणारच नाही असं वाटतं. माझ्याकडे बाबांच्या खात्याचा यूपीआय आहे, त्यांना मेसेज जातो. तिथे गेम संपला. रागावून नाही, नुसता उघडायचा राहिला, मग एक दिवस जागा लागली म्हणून काढला.

आणि कपाशीवाला भाऊ, स्क्वॉडचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण मुली त्यातून का जातात ते वेगळं. मी एका लढाईच्या गेममध्ये छान खेळायचे. माइक चालू करून "डावीकडे आहे" एवढं बोलले की समोरचे खेळ सोडून "कुठली आहेस, नंबर दे" वर येतात. माइक बंद ठेवला तर टीम म्हणते, बोलत का नाही, आणि काढून टाकते. मैत्रिणींचा चौघींचा संच जमला तेव्हा महिनाभर मजा आली. दोघींची लग्नं ठरली, संच मोडला. तुमच्या "टोळक्या"त हेही धरा.

---

कपाशीवाला

पायवाट, धरलं. हे माझ्या काउंटरवर दिसत नाही, कारण मुली फोन दाखवायला भावालाच पाठवतात.

वऱ्हाडी भाऊ, मुक्या गेमचं आवडलं. आमच्याकडेही जागलीला जाणारे तुमच्यासारखेच रडतात.

---

कोडकर

मूळचा वाशीमचा, सध्या पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत. आतली बाजू सांगतो.

आमच्याकडे तीन आकडे रोज पाहतात: गेम टाकल्यानंतर दुसऱ्या दिवशी किती परत आले, सातव्या दिवशी किती आणि तिसाव्या दिवशी किती. पहिल्या रात्रीतच मोठी गळती होते, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. ती थांबवण्यासाठी सुरुवातीचं मिनिट घोटून घोटून बसवतात. लगेच काहीतरी जिंकून द्यायचं, नाणी उधळायची, उद्या आलात तर पेटी उघडेल म्हणायचं.

पण त्याच्या आधीची गळती कोणी मोजत नाही. गूगलनंच २०१७ मध्ये सांगितलं होतं की ॲपचा आकार दर ६ एमबीने वाढला की तो टाकणाऱ्यांचं प्रमाण साधारण १ टक्क्याने कमी होतं, आणि आपल्यासारख्या देशांत आकाराचा फटका जास्त बसतो. त्यावर कंपन्यांनी काढलेला उपाय तुम्हाला माहीतच आहे. प्ले स्टोअरवर गेम एवढासा दाखवायचा आणि उघडल्यावर "अतिरिक्त फाइल्स डाउनलोड करा". पोरगा तिथपर्यंत आलाच आहे तर करेल, असा हिशोब. दीड जीबी रोजच्या पॅकवर तो ती फाइल अर्धी उतरवतो, डेटा संपतो, आणि गेम एकदाही न खेळता जातो. आमच्या आकड्यांत तो "टाकला" म्हणून धरला जातो!

दुसरं म्हणजे फोन. ऑफिसात टेबलावर असतात ते महागडे. तीन-चार जीबी रॅमच्या फोनवर मागे व्हॉट्सॲप आणि यूट्यूब उघडं असेल तर अँड्रॉइड स्वतःच गेमला मारून टाकतं. पोरगा म्हणतो गेम भंगार आहे. प्ले स्टोअरवर एकूण क्रॅशचं (गेम मधेच बंद पडण्याचं) प्रमाण १.०९ टक्क्यांच्या वर गेलं की गेम शोधात मागे पडू शकतो. एखाद्या मॉडेलवर ते ८ टक्क्यांच्या वर गेलं तर त्या फोनवाल्यांना पानावरच इशारा दिसू शकतो. म्हणून काही कंपन्या स्वस्त मॉडेलं यादीतूनच काढून टाकतात. तुम्हाला "हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही" असं दिसतं ते कधी कधी त्यामुळे.

फ्री फायर खेड्यात पसरलं ते याच्या उलट केल्याने. ५० जणांची मॅच, साधारण दहा मिनिटांत निकाल, आणि साध्या फोनवर चालणारं. पब्जीत १०० जण आणि मॅच अर्धा तास. अर्ध्या तासात आमच्या गावी लाईट एकदा तरी जाते.

---

मोर्शीकर

कोडकर, अर्धवट डाउनलोडवर एक भर. आमच्याकडची पोरं अपडेट रात्री साडेअकराला लावतात. उरलेला डेटा बारापर्यंत संपवायचा, बाराला नवा सुरू होतो, त्यात पुढचं. बाराच्या ठोक्याला रेंज गेली की सकाळी तोंड पाहण्यासारखं.

पण धाग्याच्या मूळ मुद्द्याशी मी असहमत. टोळकं वगैरे ठीक आहे. खरा फरक नवीन फोनने पडतो. संत्र्याचा आंबिया बहार विकला गेला, किंवा सोयाबीनचे पैसे आले, की दिवाळीत फोन. नवा फोन हातात आला त्या आठवड्यात पोरगा जे दिसेल ते टाकतो, तेव्हा कोणी मित्र सांगायला लागत नाही. आणि जुना फोन लहान भावाला, त्यातले गेम पण त्याला. पीक हातातून गेलं त्या वर्षी नवा फोन नाही, नवा गेम नाही. कपाशीवाला, तुमच्याच गल्ल्यात हे दिसत असेल.

---

कपाशीवाला

गल्ल्यात दिसतं, बरोबर आहे. नव्या फोनच्या आठवड्यात वीस-पंचवीस गेम टाकलेले मी पाहिलेत. पण त्यातले होळीपर्यंत किती उरतात? जे दोन उरतात ते परत टोळक्याचेच. तुम्ही येण्याबद्दल बोलताय, मी राहण्याबद्दल. दोन्ही वेगळं.

येण्याच्या रस्त्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, ती आता विसरली जातेय. आधी गेम नेटवरून यायचाच नाही. शेअरइट, झेंडर, ही फोनमधून फोनमध्ये फाइल पाठवायची ॲप. एकाने कुठून तरी वायफायवर उतरवला की गावातल्या वीस फोनमध्ये फुकट. एपीके (गेमची मूळ फाइल) आणि सोबत ओबीबीचं (गेमच्या बाकी सामानाचं) फोल्डर. माझ्या दुकानात पोरं त्यासाठीच बसायची, मी दहा रुपये घ्यायचो (आता लाज वाटायचं कारण नाही, सगळेच घ्यायचे). जून २०२० मध्ये ५९ ॲप बंद झाले त्यात हे दोन्ही होते. पुढे अँड्रॉइड ११ ने ते फोल्डरच कुलूपबंद केलं. तेव्हापासून मोठा गेम ज्याला त्याला आपापल्या डेटाने उतरवावा लागतो, आणि म्हणून पोरं आता आधी विचारतात, "तू ठेवणार आहेस ना? तरच टाकतो." पूर्वी हा प्रश्न नव्हता.

आणि सरकारी ॲप विसरू नका. ऑगस्ट-सप्टेंबर आला की ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची नोंद. पोराच्याच फोनवरून बापाच्या वावराचा फोटो जायचा असतो. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवरून भरायचे होते, तेव्हा काउंटरवर रांग. आई म्हणते, ते खेळाचं काढ आधी. ज्या गेमचा आयडी गूगल खात्याला जोडलेला तो नंतर परत येतो. "गेस्ट" म्हणून खेळलेला कायमचा गेला. लेव्हल, कपडे, बंदुका, सगळं. त्या दिवशी पोरगा ज्या तोंडाने घरी जातो ना, त्यानंतर तो गेम परत टाकत नाही.

---

बाबूजी_निवृत्त

मी शिक्षक होतो. इथे सगळे गेमचं कौतुक करत आहेत. माझ्या गावात दोन घरं रमीमुळे शेत गहाण टाकून बसली. त्यावर कोणी लिहीत नाही. पोरं गेम सोडत नाहीत, पैसे संपतात म्हणून थांबतात.

---

कोडकर

बाबूजी, दुःख खरं आहे, पण दोन्ही एका पिशवीत भरू नका. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे. असा गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेलं नाही. ई-स्पोर्ट्स (गेमच्या स्पर्धा) वेगळे ठेवलेत. मोठ्या कंपन्यांनी कायदा होताच पैशांचे सामने थांबवले.

---

वऱ्हाडी_बाणा

बंद झाले म्हनता, पन टेलिग्रामवर लिंक येतच राह्यते. प्ले स्टोअरवर नाई म्हनून एपीके टाका म्हनतात. बाबूजीचं अगदीच खोटं नाई. पन फ्री फायरवाला पोट्टा अन् रमीवाला मानूस येक नाई. पयल्याले दोस्त पायजे, दुसऱ्याले येकांत.

---

कपाशीवाला

बाबूजी, रमीचा फोन दुकानात आला की मला कळतो. तो माणूस फोन हातातून सोडतच नाही, स्वतः समोर उभा राहून पाहतो. तो ॲप टोळक्याने आणलेला नसतो. यूट्यूबवर कोणी चेहरा दिसला, बोनस दिसला, एकट्याने टाकला. माझा मुद्दा तिथे लागू होत नाही, हे मान्य.

---

भरतीवाला

मी सांगू का पोट्टे गेम कधी सोडतात? पोलीस भरतीची जाहिरात निघाली की. आमच्या मैदानावर पहाटे पन्नासेक जण धावतात. सोळाशे मीटरची वेळ बसत नाही तोपर्यंत रात्री जागून चालत नाही. अभ्यासिकेत फोन बाहेर टोपलीत ठेवावा लागतो. आमच्या चौघांचा स्क्वॉड एकाच दिवशी अनइन्स्टॉल झाला, ग्रुपचं नाव बदलून "खाकी" ठेवलं, आता तिथे चालू घडामोडींच्या पीडीएफ येतात. म्हणजे कपाशीवाला भाऊंचंच खरं, टोळक्याने सोडला.

पण पूर्ण सोडला का? लेखी झाली त्या संध्याकाळी चौघांनी परत टाकला. रँक खाली गेली होती, सीझन बदलला होता, नवीन पोरं भारी खेळत होती. दोन दिवस खेळलो, मजा नाही आली. एकाचं सिलेक्शन झालं, तो ट्रेनिंगला गेला. आम्ही तिघं आता कॅरम खेळतो, तेही खऱ्या बोर्डावर, पंपाशेजारच्या टपरीत.

---

झाडीकर

गडचिरोलीकडून. आमच्याकडं तं लाईट गेली का टॉवर बी जाते गा. त्यामुळं ऑनलाइन गेम टाकणारा पोरगा म्हंजे वडसा नाहीतर नागपूरले राहून आलेला. दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली का रातचे गेम तसेबी बंद, सगळे मंडपात. बाकी चालू द्या.

---

पायवाट

जाहिरातीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. जाहिरातीत राजाला वाचवायला खिळे ओढायचे असतात, आणि टाकल्यावर आत निघतं फळांच्या रांगा जुळवणं. २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या अशाच दोन जाहिरातींवर बंदी घातली होती, कारण त्यात दाखवलेला खेळ गेममध्ये फारसा नव्हताच. आमच्या हॉस्टेलवर असा फसवा गेम ज्या दिवशी येतो त्याच रात्री जातो, आणि जाताना सगळ्यांना सांगितलं जातं की टाकू नका. ते सांगणं प्ले स्टोअरवरच्या एका स्टारपेक्षा लांब जातं.

---

कोडकर

पायवाट, हे मी उद्या ऑफिसात वाचून दाखवणार आहे.

कपाशीवाला, एक विनंती. आमचा एक गेम येतोय, बिननेटचा, मुका खेळता येईल असा (वऱ्हाडी भाऊंमुळे आता तसा करावाच लागेल). तुमच्या दुकानात बाजाराच्या दिवशी दिवसभर बसून पोरांच्या फोनवर टाकून पाहता येईल का? महागडे फोन नकोत, तडा गेलेल्या काचेचे पाहिजेत.

---

कपाशीवाला

या. आमचा बाजार मंगळवारी. पण सोयाबीन निघायच्या दिवसांत नका येऊ, तेव्हा पोरं वावरात असतात आणि दुकानात फक्त म्हातारे रिचार्जला येतात. डिसेंबरात या, कापसाचे पैसे हातात असतात, पोरं निवांत. तीन जीबी रॅमचे फोन पाहिजे तेवढे मिळतील. गेम ५० एमबीच्या वर असेल तर आधीच सांगा, हॉटस्पॉटचे पैसे तुमच्याकडून.

---

वऱ्हाडी_बाणा

कोडकर, डुक्कर आलं का गेम आपोआप थांबन असं काही बसवता येते का पाहा ना.

---

कोडकर

डुकराचं नाही जमत. पण फोन खिशात टाकून पळालात तरी खेळ जिथल्या तिथे राहील, तेवढं करतो.